जिमखाना फी

आमच्या शाळेच्या फीच्या पावतीवर चार रकाने असत. शिक्षण फी, परीक्षा फी, वाचनालय फी आणि सगळ्यांत खाली जिमखाना फी. पहिल्या तिन्हींचा पडताळा वर्षभर येत राही. वाचनालयाचासुद्धा, कारण शनिवारी शेवटच्या तासाला एक पत्र्याची पेटी वर्गात येई आणि तिच्यातून पानं गळालेलं एखादं पुस्तक हाती पडे. जिमखाना मात्र मला शेवटपर्यंत सापडला नाही. जिन्याखाली एक खोली होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली पीटीच्या सरांकडे असे. फटीला डोळा लावला की अंधारात लेझमींचा ढीग, हवा गेलेला व्हॉलीबॉल आणि भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड एवढं दिसे. हाच जिमखाना, असं वरच्या वर्गातली मुलं सांगत. पुढे कॉलेजात गेलो तर पावतीवर पुन्हा तोच रकाना. तिथे 'जिमखाना सेक्रेटरी' नावाचा एक इसम होता आणि तो दिवसभर फाटकाशी येझदीला टेकून उभा असे. पाचवीपासून बी.ए.पर्यंत, मधे कुठे गटांगळी खाल्ली नाही म्हणून अकराच वर्षं, मी जिमखाना फी भरली आणि तिच्या बदल्यात घामाचा एक थेंब गाळला नाही.

त्यामुळे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घरापासून सात मिनिटांवर नवा क्लब उघडतोय असं कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो थकबाकी वसूल करण्याचा.

क्लबचं नाव इंग्रजी आहे आणि लांबलचक आहे. त्यात 'अ‍ॅथलेटिक' आणि 'सोशल' हे दोन्ही शब्द आहेत आणि त्यांच्या मधे 'आणि'ऐवजी ते जिलबीसारखं चिन्ह आहे. कोथरूडच्या आमच्या बाजूला हल्ली रिकामी जागा उरलेली नाही, तेव्हा हा क्लब एक मंगल कार्यालय पाडून उभा राहिला. त्याच मंगल कार्यालयात माझं लग्न लागलं होतं. नवी इमारत पाहायला गेलो तेव्हा मनातल्या मनात जुना नकाशा अंथरून पाहिला. जिथे पंगती बसायच्या तिथे पोहण्याचा तलाव आला आहे. वरपक्षाच्या खोलीत, जिथे माझा एक मामा चहा गार आला म्हणून रुसून बसला होता, तिथे स्टीम बाथ आहे. आणि बोहल्याची जागा मी खांबांवरून मोजून काढली, तर तिथे ओळीने ट्रेडमिल मांडलेल्या. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, चालत राहा. तेव्हाही जागेवरच होतात."

सभासदत्वाचा अर्ज आठ पानी होता. जन्मतारीख, रक्तगट, व्यवसाय, कोणत्या खेळात प्रावीण्य. प्रावीण्याच्या चौकटीत मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी 'कॅरम (जुजबी)' असं लिहिलं. सातव्या पानावर खरी मेख होती. अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक हवा आणि दोघंही क्लबचे विद्यमान सभासद हवेत. आता क्लब उघडायचाच होता, मग विद्यमान सभासद आणायचे कुठून? काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती गोड हसून म्हणाली, "सर, तो फॉरमॅट आहे." फॉरमॅट जुन्या गोऱ्या क्लबांकडून आला असावा, तिथे कुणाही ऐऱ्यागैऱ्याने शिरू नये म्हणून ही कडी घातलेली असे. आम्ही ती मराठी पद्धतीने उघडली. शेजारच्या इंजिनिअरसाहेबांनी मला सुचवलं, मी त्यांना सुचवलं आणि आम्हा दोघांना अनुमोदन देणाऱ्या गृहस्थांना आम्ही दोघांनी मिळून अनुमोदन दिलं. तिघंही एका दमात विद्यमान झालो. अनामत, प्रवेश फी, वार्षिक फी आणि वर जीएसटी असा चेक लिहिताना मात्र माझा हात जरा थांबला. शाळेची सगळी फी मिळूनसुद्धा वर्षाला या जीएसटीएवढी होत नव्हती.

उद्घाटन दसऱ्याला सकाळी साडेनऊला होतं, म्हणजे अकराला झालं. पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आणि टीव्हीवरच्या मालिकेत सोशिक सासऱ्याचं काम करणारे एक नट होते. फीत कापायला कात्री सापडेना. ती सापडेपर्यंत नारळ फोडून घ्यावा असं ठरलं. नारळ कुठे फोडायचा? सगळीकडे काचेसारखी फरशी, पायरीला इटालियन संगमरवर. कुणीतरी सुचवलं, मशीनची पूजा आहे ना, मग मशीनपाशीच. दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, हे आपल्या रक्तातच आहे. तेव्हा पहिल्या ट्रेडमिलच्या लोखंडी पायावर माजी नगरसेवकांनी नारळ आपटला. फुटला तो एका घावात. ते गृहस्थ जुने तालमीतले. पण पाणी पट्ट्यावर सांडलं, तिथून खाली कुठेतरी शिरलं आणि त्या यंत्राने एक दीर्घ, करुण सूर काढला. ती ट्रेडमिल पुढे सोळा दिवस बंद होती. म्हणजे माझा बोहला.

मग भाषणं झाली. निरोगी शरीरात निरोगी मन राहतं हे चार वक्त्यांनी चार वेळा सांगितलं. नटांनी आपण पहाटे साडेचारला उठतो असं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. एक तास चाळीस मिनिटं दोनशे माणसं व्यायामाच्या महत्त्वावरची भाषणं ऐकत खुर्च्यांवर बसून होती. आभारप्रदर्शनाच्या शेवटी "अल्पोपाहाराची सोय" एवढे शब्द उच्चारले गेले आणि मगच क्लबमधली पहिली शर्यत लागली. आमचे इंजिनिअरसाहेब, ज्यांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, ते बटाटेवड्यापर्यंत तिसरे पोचले.

शर्यतीवरून आठवलं. आमच्या पुण्यात जिमखाना या शब्दाला खेळाशी संबंध ठेवण्याची सक्ती कधीच नव्हती. मुळात शब्दच संकराचा. 'गेंदखाना' म्हणजे चेंडूघर. तो साहेबाच्या जिभेवर चढला आणि उतरताना 'जिम्नॅस्टिक्स'ची गाठ पडून त्याचा जिमखाना झाला, असं जाणकार मानतात. १९०६ साली डेक्कन जिमखाना हा क्लब निघाला. भोवती वस्ती झाली, तिला क्लबचं नाव पडलं, पीएमटीच्या कंडक्टरांनी त्यातला जिमखाना गाळून नुसतं 'डेक्कन, डेक्कन' केलं आणि आता अर्धं शहर डेक्कनला जातं ते पुस्तकं, चष्मे नि साड्या घ्यायला. जन्मभर जिमखान्यावर राहिलेले आणि रॅकेटला हात न लावलेले कितीतरी लोक माझ्या ओळखीचे आहेत. बॅडमिंटनला तर एके काळी आमच्या गावाचंच नाव होतं. १८७०च्या दशकात इथल्या लष्करातले गोरे अधिकारी तो खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. पुढे इंग्लंडातल्या एका सरदाराच्या वाड्याचं नाव त्या खेळाला चिकटलं आणि आमचं पुसलं गेलं. एरवी दुकानाच्या पाटीवरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून वर्तमानपत्रांत पत्रव्यवहार चालवणाऱ्या या शहराने ही गोष्ट इतकी सहज कशी सोडली, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

पण डेक्कन जिमखान्याची थट्टा एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. १९१९ साली त्यांच्या वार्षिक शर्यतींना अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटा आले होते. त्यांनी पाहिलं की धावणारी बरीचशी पोरं शेतकऱ्यांची आहेत, अनवाणी पळताहेत, शास्त्रशुद्ध शिकवणी कुणाला मिळालेली नाही आणि तरीही त्यांतल्या काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाताहेत. तिथून टाटांच्या डोक्यात आलं की यांना ऑलिंपिकला पाठवायचं. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पला सहा जण गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, म्हणजे पदक एका पायरीवर राहिलं.

या तयारीच्या काळातली एक गोष्ट सांगतात. निवड करायची तर ऑलिंपिकचा दर्जा काय असतो ते ठाऊक हवं, म्हणून बैठकीत प्रश्न निघाला की शंभर मीटर धावायला साधारण किती वेळ लागत असेल? समितीतले एक जबाबदार सभासद म्हणाले, एक ते दोन मिनिटं. हिशेब मिनिटांचा नसतो, सेकंदांचा आणि सेकंदाच्याही भागांचा असतो, असं त्यांना सांगितलं तेव्हा ते थक्क झाले. गोष्ट तंतोतंत खरी असेल-नसेल, पण ते सभासद मला फार जवळचे वाटतात. मी त्यांना ओळखतो. प्रत्येक क्लबच्या कार्यकारिणीवर ते असतात. स्वतः धावत नाहीत, पण धावणाऱ्यांसाठी सतरंज्या, वर्गणी, पाणी आणि शिफारसपत्रं यांची सोय तेच करतात. शंभर मीटर दोन मिनिटांत हा माझा तरी आजचा वेग आहे, तोही वाटेत कुणी भेटलं नाही तर.

आणि वाटेत कुणी ना कुणी भेटतंच.

माझं लहानपण पेठेत गेलं. वाड्यापासून चार घरांवर तालीम होती. तिच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद नि लिंबू मुरवलेलं असे. पावसाळ्यात दार उघडलं की तो वास गल्लीभर पसरे; लोणच्याची बरणी आणि नांगरलेलं शेत एकाच वेळी हुंगल्यासारखा. कोनाड्यात मारुती, त्याच्या पायाशी करेला नि मुद्गल, भिंतीला मधोमध तडा गेलेला आरसा. आत पाच-सहा पोरं जोर काढत असत. बाहेरच्या ओट्यावर मात्र पंधरा-वीस जण कायम बसलेले. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाचा नळ रात्री चोरून चालू असतो, कुणाच्या भाऊबंदकीत कुणी मध्यस्थी करायची, गणपतीची वर्गणी किती धरायची, हे सगळं त्या ओट्यावर ठरे. आतल्या पोरांची संख्या दर वर्षी एकाने कमी होत गेली. ओट्यावरची वाढत गेली.

पुण्याच्या मानाच्या गणपतींत तिसरा मान गुरुजी तालमीचा. १८८७ साली, लोकमान्यांनी उत्सव सार्वजनिक करण्याच्याही आधी, तिथे गणपती बसायला लागला आणि तो बसवणाऱ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. ती तालीम आज नाही. गणपती आहे, मिरवणूक आहे, ढोल-ताशे आहेत, गुलाल आहे. जोर-बैठका गेल्या, मंडळ राहिलं. म्हणून मला वाटतं की आमच्या क्लबच्या नावात 'अ‍ॅथलेटिक' आधी आणि 'सोशल' नंतर आहे ते निव्वळ सौजन्य. जिलबीच्या उजवीकडे जे असतं तेच आपल्याकडे टिकतं.

क्लबमधली माझी पहिली सकाळ. अंगात भाचीने भेट दिलेला टी-शर्ट, पायांत नवे बूट, हातात टॉवेल. जिम सांभाळायला एक कोच नेमला आहे. पाठीवर इंग्रजीत 'कोच' छापलेला काळा बनियन, कान फुटलेले. कान पाहिले आणि समजलो की हा मातीतला आहे. विचारलं तर कोल्हापूरकडचा निघाला. गंगावेश तालमीत चार वर्षं काढलेला, मग खांदा निखळला, मग सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, मग पुणे.

"सर, आज आपण स्क्वॉटनं सुरुवात करू," तो म्हणाला. कोर्समधली भाषा तो जपून, इस्त्रीच्या कपड्यांसारखी वापरत होता. "फीट शोल्डर विड्थ. कोअर टाइट. हिप मागं."

मी कोअर शोधू लागलो. ते कुठे असतं हे विचारायची लाज वाटली. अंदाजाने पोट आत ओढलं, कंबर मागे नेली आणि त्या अवस्थेत पुढे काय करायचं ते न कळून थांबलो. समोर भिंतभर आरसा होता. त्यात एक प्रौढ गृहस्थ, अंधारात खुर्ची शोधावी तसा, ढुंगण मागे करून उभा होता.

कोचने दोन क्षण पाहिलं. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "काका, बैठक मारा की."

मग मी बैठक मारली. चटकन जमली. शाळेत उशिरा आल्याबद्दल मारलेल्या बैठका गुडघ्यांना आठवत होत्या. तेव्हापासून आमचा करार झाला. क्लबचे मॅनेजर आसपास असले की स्क्वॉट, नसले की बैठक. 'हिंदू पुश-अप' नावाचा एक महागडा प्रकार आठवड्याच्या तक्त्यात होता, तो म्हणजे आपला जोर. 'बॅटल रोप' म्हणजे जाड दोर दोन्ही हातांनी आपटायचा; हे मात्र नवीन. कोचच्या मते याच्यापेक्षा विहिरीचं पाणी शेंदणं बरं, निदान पाणी तरी येतं. वर त्याने एक निरीक्षण सांगितलं. "गावाकडं पोरगं तालमीत आलं की वस्ताद पयला खुराक विचारतो, दूध किती, बदाम किती. हितं पयल्यांदा पासवर्ड इचारत्यात." वाय-फायचा.

हे नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी पाठ धरली, अकराव्या दिवशी पाहुणे आले आणि मग मी मुख्यतः कॅफेटेरियात दिसू लागलो.

आमच्या क्लबचं खरं मैदान ते. सकाळी सातला तिथे पहिली फळी येते. हे लोक टेकडीवर चालून येतात आणि त्याबद्दल सांगतात. साडेआठला गुडघेवाल्यांचं टेबल भरतं. त्यांतल्या दोघांचे गुडघे बदललेले आहेत, एकाचा बदलायचा आहे, आणि बदललेले दोघं त्याला रोज परस्परविरुद्ध सल्ला देतात. दहानंतर वरच्या योगा हॉलमध्ये महिला मंडळ जमतं. तिथे शवासन चालू असताना भिशीची चिठ्ठी निघते असं ऐकतो. शवासनात हसण्याचे आवाज येतात एवढं मी स्वतः ऐकलं आहे. ब्रिजच्या खोलीत चार माणसं पहिल्या दिवसापासून बसलेली आहेत आणि ती घरी जातात की नाही याबद्दल दुमत आहे. दाराशी कार्ड दाखवलं की यंत्र टुंग करतं आणि भेट नोंदवतं. महिनाअखेर मोबाइलवर निरोप आला: अभिनंदन, आपण या महिन्यात बावीस वेळा क्लबला भेट दिलीत! मी तो बायकोला दाखवला. त्या बावीसपैकी तेरा इडलीसाठी होत्या हे यंत्राला कळत नाही.

बायकोला कळतं. पण तिला वेळ कुठे होता? जी कधी नदीच्या पाण्यात घोट्याच्या वर उतरली नव्हती ती पंचावन्नाव्या वर्षी पोहायला शिकत होती. पहिले आठ दिवस कठडा धरून नुसते पाय मारणं, मग थर्मोकोलची फळी, मग कमरेला फुगा. रात्री जेवताना भाताचा घास घेऊन मधेच ती श्वास रोखी आणि मनात मोजी. एके सकाळी मी वरच्या काचेतून कॉफीचा पेला हातात धरून पाहत होतो. ती कठडा सोडून निघाली. हात चुकत होते, नाकातोंडात पाणी जात होतं, मधे एकदा पार गुडुप झाली, पण थांबली नाही. पलीकडे पोचल्यावर टोपी कपाळावर सरकलेली, दोन्ही कोपर काठावर टाकून ती धापा टाकत होती आणि तिने वर पाहिलं. हात हलवावा की पेला लपवावा हे मला ठरवता येईना. पंगतीत वाढपी जिथून वळायचे तिथपासून ती विहिणीच्या पंगतीपर्यंत पोहली होती. सारं मिळून पंचवीस मीटर.

आता एक बारीक गोष्ट. कॅफेटेरियात चहा साठ रुपये आहे आणि तो चहासारखा लागत नाही. कोच, सफाईच्या मावशी, जीवरक्षक मुलगा यांनी तिथे बसायचं नाही, असं नियमावलीत आहे, कलम एकोणतीस. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला, जनरेटरजवळ, एक बाक टाकला आहे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून तिथे दिवसातून तीनदा किटली येते.

कलम एकोणतीस वाचलं तेव्हा मला पालवणकर बाळू आठवले. पुण्यातच, विसावं शतक उजाडण्याआधी, हा चांभाराचा मुलगा गोऱ्यांच्या क्लबात महिन्याला चार रुपयांवर खेळपट्टी झाडायला, रूळ फिरवायला होता. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याचा डावखुरा हात असा वळू लागला की गावातल्या हिंदू क्लबाला त्याला संघात घेणं भाग पडलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र सगळे आत जात आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले. भांडं त्याच्या आधीच बदललं असेल, पण त्यासाठी आधी किती बळी घ्यावे लागले असतील! पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. मुंबईतही चित्र फार निराळं नव्हतं. १९३३च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली, लाला अमरनाथनी ११८ काढले, लोक वेडे झाले. आणि जिमखान्याचं सभासदत्व त्या वेळी फक्त गोऱ्यांना होतं. मरीन लाइन्स सोडून लोकल चर्नी रोडकडे निघाली की समुद्राच्या बाजूला अजून ती मैदानं ओळीने दिसतात: पारशी, हिंदू, इस्लाम. मी इतका वेळ जिलबीच्या उजव्या बाजूचं कौतुक करत होतो, पण हा इतिहास पाहिला की वाटतं, दारं लावून घेतली ती नेहमी त्याच बाजूने. डावीकडच्या बाजूला निदान चेंडू वळतो की नाही एवढंच पाहत.

बाळूंच्या भांड्यात आणि आमच्या जनरेटरच्या बाकात फार अंतर आहे, हे मला कळतं. तिथे धर्मशास्त्र होतं, इथे कुणा कन्सल्टंटने दुसऱ्या क्लबची नियमावली उतरवून काढली आहे. पण डोळ्यांत गेलेलं कुसळ काही केल्या निघेना. कार्यकारिणीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे.

दरम्यान कार्यकारिणीच्या पुढे एक निराळाच पेच आला. टपरीच्या चहाचा वास. आलं घातलेला, साखर सढळ, दहा रुपये. आधी गुडघेवाल्यांतला एक जण मागच्या बाजूला फोनवर बोलायला म्हणून जाऊ लागला. मग त्याला शोधायला दुसरा. ब्रिजच्या खोलीतले चौघं एकदा डाव अर्धा टाकून उठले, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलं. आता सकाळी साडेनऊला जनरेटरपाशी पंधरा-वीस सभासद उभे असतात आणि त्या एकुलत्या बाकावर मधोमध मावशी बसलेल्या असतात. त्यांना उठवायची कुणाची छाती नाही. टपरीवाला पोरगा विचारतो, "किती?" आणि आकडा त्याच सांगतात. बोलणं तेच, नळ, स्थळ, वर्गणी. येत्या गणपतीला मूर्ती शाडूची की कशी यावर परवा वाद झाला, त्यात जीवरक्षक मुलाचं म्हणणं मान्य झालं, कारण विसर्जन तलावात करता येणार नाही हे त्याने ठणकावून सांगितलं.

कोचला मात्र हे बिनकष्टाचं सुख पाहवेना. त्याचंही बरोबर आहे. सभासदांचं वजन कमी झालं नाही तर मॅनेजर त्याला विचारणार. त्याने एक नियम काढला. किटली कोपऱ्यावरून निघाली की टपरीवाला शिट्टी मारतो. शिट्टी ऐकली की ज्याला चहा हवा त्याने किटली येईपर्यंत वीस बैठका मारायच्या. सूट कुणाला नाही. गुडघेवाल्यांनी भिंत धरून अर्ध्या माराव्यात. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मावशींनी बाकावरून मोजायला सुरुवात केली.

काल शिट्टी झाली तेव्हा मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पाय फाकून उभा राहिलो. शेजारी इंजिनिअरसाहेब, पलीकडे भिंतीला धरून दोन नवे गुडघे. बायको ओल्या केसांनी मागच्या दारात टॉवेल पिळत उभी होती. टपरीवाला पोरगा चपळ आहे. मी अकरावी मारली आणि किटली फाटकात दिसली. थांबून मावशींकडे पाहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"झाल्या वीस," मावशी म्हणाल्या, आणि कागदी कप पुढे केला.